शब्दाचा पक्का

दवाखान्यातून फोन आला त्या दिवशी कुत्र्याच्या पिल्लानं घरात सात ठिकाणी शू केली.

फोन सकाळी अकराला आला. अण्णा तेव्हा खाली कारखान्यात होते, तोंडात चुका धरून. सोफ्या-खुर्च्यांचं गादीकाम करणाऱ्याचे दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून बारीक खिळे, म्हणजे चुका, ओठांत धरायच्या आणि एकेक काढून ठोकायची. पन्नास वर्षांची सवय. "तुमच्या तोंडात सदा चुका, मग बरोबर बोलणार कसं?" असं त्यांची बायको म्हणायची. थोरला मुलगा फोन कानाला लावून जिन्यात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून अण्णांनी ओठांतल्या चुका एकेक करून डबीत टाकल्या. मग म्हणाले, "बोल."

किरकोळ ऑपरेशन, चार दिवसांत परत, असं सांगून ती गेली होती. निघताना तिनं ना सुनेला चाव्यांचं सांगितलं, ना नवऱ्याच्या गोळ्यांचं. पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "ह्याची काळजी करू नका. हा शब्दाचा पक्का आहे."

"माझ्यापेक्षा?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा तर नक्कीच," ती म्हणाली आणि गाडीत बसली. त्या दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

त्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं. जो येई तो कुणाला तरी कोपऱ्यात गाठून हळूच विचारी, "सगळ्यांना कळवून झालं का?" "कागदपत्रांचं झालं का?" "अण्णांचं खाणं झालं का?" आणि इकडे पिल्लाचं सत्र चालू. चपलांच्या ढिगात, पायपुसण्यावर, टीपॉयच्या पायाशी, आणि शेवटी मावशीच्या उघड्या पिशवीत. मावशी म्हणजे तिची पाठची बहीण. रडता रडता तिनं पिशवीत रुमालासाठी हात घातला आणि रडणं थांबवून म्हणाली, "अगं बाई, ह्यालासुद्धा आजच सुचायचं होतं!"

लोकांनी समजून घेतलं. मुकं जनावर, त्यालाही दुःख असतं, असं ठरलं. पण दुःख झालं तरी किती दिवस? दीड महिना उलटला तरी जनावराचं दुःख आपलं वाहतंच होतं. थोरल्यानं त्याला 'गळका नळ' म्हणायला सुरुवात केली. मावशीनं त्याचं नळोबा केलं, आणि तेच रूढ झालं.

उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून झाली. नळोबानं ती फाडून खाल्ली. धाकटी, म्हणजे अण्णांची लेक, दुसऱ्या गावी शाळेत भाषा शिकवते. तिनं वेळापत्रक करून पाठवलं, शाळेसारखं, मधल्या सुट्टीसकट. नाक घासायची जुनी पद्धत मावशीनं सुचवली. तेव्हा अण्णा म्हणाले, "आधी तुझं घासून बघू." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

विशेष म्हणजे कुत्रं मुळात मठ्ठ नव्हतं. अण्णा त्याला दिवसातून सहा वेळा मागच्या अंगणात न्यायचे. तिथं भुशाच्या ढिगाशी ते शहाण्यासारखं उभं राही, जमीन हुंगे, आणि मग अण्णांच्या तोंडाकडे बघत बसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. अण्णा म्हणत, "अरे कर की बाबा!" ते शेपटी हलवी. अण्णा शीळ घालत. ते मान वाकडी करी. शेवटी कंटाळून अण्णा त्याला वर आणत. दारातच सूनबाई विचारी, "झालं का?"

आणि नळोबा तिथंच उंबऱ्यावर बैठक मारी.

"बघा!" सूनबाई फडकं आणायला वळे. "अर्धा तास बाहेर होता आणि घरात पाऊल टाकल्यावर आठवलं. मुद्दाम करतोय हा, अण्णा. आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने येतात, तेसुद्धा ह्याच्याहून ऐकतात."

शनिवारी मात्र कडेलोट झाला. नाट्यगृहाच्या साठ खुर्च्यांचं काम कारखान्यात चाललं होतं. थोरल्यानं हातात घेतलेलं एवढं मोठं काम हे पहिलंच. वाइन रंगाची मखमल, एकाच गठ्ठ्यातली, कारण दुसऱ्या गठ्ठ्याची छटा हटकून वेगळी निघते. सोमवारी माल द्यायचा होता. सहा बैठकी तेवढ्या राहिल्या होत्या आणि उरलेलं कापड मापून तेवढंच होतं. थोरला वाकून बैठक मोजत होता. मिस्त्री तोंडात चुका धरून समोर बसला होता. नळोबा अण्णांच्या मागे मागे तिथं आला. थोरल्यानं मिस्त्रीला विचारलं, "पुढच्या रांगेचं झालं का?"

मिस्त्रीच्या तोंडात चुका. त्यानं नुसती मान हलवली. उत्तर दिलं ते नळोबानं, अंथरलेल्या मखमलीवर.

थोरला ओरडला नाही. त्यानं तेवढा तुकडा कापून बाजूला टाकला, उरलेलं कापड पुन्हा मापलं, आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, "अण्णा, उद्या वखारवाला येतोय. त्याला वखारीत राखणीला कुत्रं हवंय. घेऊन जाईल. ठरलं."

थोरल्याचंही चुकत नव्हतं. आजोबांनी एका खोलीत सुरू केलेला कारखाना अण्णांनी तीन खोल्यांचा केला आणि आता तो त्याच्या खांद्यावर आला होता. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. चोपन्न खुर्च्या भरल्या होत्या.

त्या रात्री अण्णा पानावर बसले तसेच उठले.

रविवारी सकाळीच धाकटी आली. अण्णांना वाटलं, आपली बाजू आली. वेळापत्रक करणारी हीच, फोनवर रोज कुत्र्याची चौकशी करणारी हीच. ते तिला जिन्यातच म्हणाले, "दादाला जरा सांग तू."

"सांगते ना," धाकटी म्हणाली. पण वर येऊन बसल्यावर तिनं सांगितलं ते अण्णांनाच. "मी काय म्हणते, अण्णा, जाऊ दे त्याला. तुम्ही महिना-दोन महिने माझ्याकडे या. हवापालट होईल. आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, म्हणजे तसंही..."

"म्हणजे हे आधीच ठरलंय," अण्णा म्हणाले. "भावाबहिणीचं कधी नव्हे ते एकमत झालं, तेही माझ्या कुत्र्यावर."

"तुमचं कुठलं? आईनं आणलेलं," थोरला म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

मावशीला राहवलं नाही. "माझ्या ताईची शेवटची आठवण आहे ती! तुमच्या खुर्च्या काय, पुन्हा भरता येतील. मी तर म्हणते, त्याला जन्मात कुणाला देऊ..." एवढ्यात तिनं पायाकडे पाहिलं. नळोबा तिच्या नव्या चपलेचा पट्टा मन लावून चघळत होता. "...द्यायचं असेल तर चांगल्या माणसाला द्या, एवढंच माझं म्हणणं."

"मावशी, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" धाकटीनं विचारलं.

"मी चपलेच्या बाजूनं आहे."

वखारवाला टोपली घेऊन आला तेव्हा अकरा वाजले होते. माणूस चांगला, गेली वीस वर्षं ह्यांना लाकूड पुरवणारा. रविवार म्हणून त्यानं पांढरी शुभ्र पँट घातली होती. त्यानं नळोबाला उचललं, पंजे दाबून पाहिले, "वा, तब्येत आहे!" म्हणाला, आणि टोपलीत ठेवून टोपली मांडीवर घेतली. नळोबा टोपलीच्या काठावर हनुवटी टेकवून अण्णांकडे बघत राहिला.

सूनबाई चहाचे कप ठेवत होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. सगळे धरून चालले होते की ती नवऱ्याच्या बाजूची. फडकं तिच्याच हातात होतं ना. तिलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं. पण सकाळी अंगणातलं वाळत घातलेलं फडकं काढताना, उद्यापासून हे लागणार नाही, असं मनात आलं आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी कसंसंच झालं होतं. शेवटचा कप ठेवून ती म्हणाली, "मला विचारणार आहे का कुणी?"

"तुला काय विचारायचं? सुटलीस तू," थोरला म्हणाला.

"दीड महिना मी पुसतेय. तुम्ही एकदा तरी पुसलंत? वन्सं वेळापत्रक पाठवतात, मावशी सल्ले देतात. पुसते मी. मग ठेवायचं की नाही हे मी सांगणार." तिनं अण्णांकडे पाहिलं नाही. "आई गेल्यापासून अण्णा आपल्याशी किती बोललेत? 'हो', 'नको', 'बघू'. मी मोजलेत म्हणा ना. ह्याच्याशी मात्र अर्धा अर्धा तास बोलतात. मी वरून ऐकते. ह्याला देऊन टाकलंत तर ते कुणाशी बोलणार? तुमच्या खुर्च्यांशी?"

धाकटी रुमाल शोधू लागली. वखारवाला बिचारा दुसऱ्याच्या घरच्या भांडणात मांडीवर टोपली घेऊन अडकला होता. तो घसा खाकरून म्हणाला, "मी काय म्हणतो, मला जरा... मोरीत जाऊन यायचं होतं. मग तुमचं काय ते ठरवा निवांत."

पण मोरीत मावशी. 'चपलेवरची लाळ धुऊन येते' म्हणून गेलेली, ती दहा मिनिटं झाली तरी आतच. बहुधा रडत असावी. पाण्याचा नळ मोठा सोडून रडायची तिची पद्धत होती. सूनबाईनं जाऊन दारावर टकटक केलं. "मावशीऽ, झालं का?"

"हे... हे काय!" वखारवाला ताडकन उठला. टोपलीच्या फटींतून धार लागली होती. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत गेली. नळोबा टोपलीत बसून, काम चोख केल्याच्या समाधानानं, शाबासकीची वाट बघत होता.

"गेलं!" थोरला म्हणाला. "आता हाही नेणार नाही."

"थांबा," अण्णा म्हणाले.

एवढ्या मोठ्यानं ते दीड महिन्यात बोलले नव्हते. सगळे थांबले.

"सूनबाई, काय म्हणालीस तू आत्ता?"

"मी? मावशींना म्हटलं..."

"नको, नको! म्हणू नकोस." अण्णांनी हात वर केला. त्यांची नजर दाराकडे, उंबऱ्याकडे, मग जिन्याकडे गेली. "काल कारखान्यात. थोरल्या, तू मिस्त्रीला काय विचारलंस?"

"पुढच्या रांगेचं झालं का, असं..."

नळोबानं टोपलीत प्रामाणिकपणे पुन्हा प्रयत्न केला. फारसं उरलं नव्हतं, पण बैठक मारली.

"बाप रे," धाकटी म्हणाली.

अण्णा खाली बसले. हसत होते की काय ते पटकन कळेना. "ती पावणेसहाला ह्याला घेऊन अंगणात जायची," ते म्हणाले. "पावणेसहाला मी मोरीत असायचो. मोरीची खिडकी कुठं उघडते? अंगणात. रोज खालून आवाज यायचा, 'झालंऽ का?' आणि मी आतून ओरडायचो, 'होतंय गं, होतंय!' दोन महिने. मला वाटायचं, मलाच विचारतेय. मी चिडायचोसुद्धा. माणसाला सकाळी जरा निवांतपणा नाही ह्या घरात, असं म्हणायचो."

"आणि आई ह्याला विचारत होती," सूनबाई म्हणाली.

"ह्याला विचारत होती. एकदा तिनं खालून सांगितलंही, 'तुमचं नाही हो, ह्याचं झालं.' मला वाटलं, थट्टा करतेय." त्यांनी डोळे पुसले. "शब्दाचा पक्का, म्हणाली होती जाताना. मी म्हटलं, स्वभावाचं कौतुक करतेय."

मोरीचं दार उघडून मावशी बाहेर आली, डोळे लाल, हातात ओली चप्पल. "काय झालं? सगळे असे का बसलाय?" वखारवाला तिला ओलांडून आत गेला.

धाकटीच्या अंगातली बाई एव्हाना जागी झाली होती. कुठलंही वाक्य फळ्यावर मांडून तपासल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिनं नळोबाला अंगणात नेलं, वाटीभर पाणी पाजलं, थोडा वेळ जाऊ दिला, आणि सगळ्यांना भुशाच्या ढिगाभोवती उभं केलं.

"आता कुणी मधे बोलू नका." ती पिल्लासमोर बसली. "चहा झाला का?"

नळोबानं शेपटी हलवली.

"अंघोळ झाली का?"

त्यानं कान खाजवला.

"काम झालं का?"

नळोबा बसला. भुशाच्या ढिगाच्या कडेला, नेमक्या जागी.

"नपुंसकलिंगच लागतं ह्याला!" धाकटी ओरडली. "दादा, माझ्या सातवीच्या पोरांना येत नाही ते ह्याला येतं!"

थोरला हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग भिंतीला टेकून. हसता हसता त्याचं काहीतरी बिनसलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तसाच उभा राहिला. सूनबाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अण्णांनी तिकडे बघितलं नाही. ते नळोबाच्या मानेखाली खाजवत राहिले.

"म्हणजे त्या दिवशी," मावशी हळूच म्हणाली, "माझ्या पिशवीत..."

"त्या दिवशी घरात प्रत्येक जण तेच विचारत होता," अण्णा म्हणाले. "बिचाऱ्यानं सगळ्यांचं ऐकलं."

वखारवाला थोरल्याची पँट घालून गेला. ती त्याला चार बोटं आखूड होती. रिकामी टोपली त्यानं अंगणातच ठेवली. "राहू द्या," म्हणाला, "तिला आता वास राहणार."

मग खरी अडचण पुढं आली. कुत्र्याला शिस्त आहे, नाही ती माणसांना, हे सिद्ध झालं. पण 'झालं का' म्हटल्याशिवाय घर चालवायचं कसं? दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून पाहिलं. "उरकलं का?" "आटोपलं का?" "संपलं का?" असं चाललं होतं. मावशी तर, "पूर्ण झा... पूर्णत्वास गेलं का?" असं म्हणून स्वतःच खुर्चीत कोसळली. आणि शेवटी थोरल्यानंच फोनवर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला सांगितलं, "हो हो, सगळं झालं, का?" पायपुसणं पुन्हा धुवावं लागलं.

"असं नाही भागणार," धाकटी म्हणाली. "त्याला नवा शब्द शिकवा. सोपं आहे. आठवडाभर दोन्ही शब्द बरोबर म्हणायचे, आधी नवा, मग आईचा. मग हळूहळू आईचा गाळायचा. फक्त नवा शब्द असा हवा की घरात कुणी चुकूनही बोलणार नाही."

"मग 'माफ करा' ठेवा," थोरला म्हणाला. "ह्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही."

"'दमलीस का' ठेवा," सूनबाई म्हणाली. "मला तरी कुणी विचारल्याचं आठवत नाही."

"'मावशी, थांब की अजून दोन दिवस' ठेवा," मावशी म्हणाली. त्यावर अण्णासुद्धा हसले.

अखेर अण्णांनी ठरवावं, असं ठरलं. सकाळी नेणार तेच, तेव्हा शब्द त्यांच्या तोंडात बसणारा हवा. ते म्हणाले, "बघू." धाकटीनं हवापालटाचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळी ती निघाली तेव्हा अण्णांनी तिची पिशवी खालपर्यंत नेली, आणि नळोबा त्यांच्या मागून गेला.

सोमवारी साठ खुर्च्या गेल्या. शेवटच्या बैठकीचं कापड कमी पडत होतं ते अण्णांनी बसून उलट्या बाजूनं जोडलं. जोड कुठं आहे, ते थोरल्यालाही सापडलं नाही.

त्याला आता महिना झाला. अण्णा रोज पावणेसहाला नळोबाला घेऊन अंगणात उतरतात. तो भुशाच्या ढिगाशी उभा राहतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघतो. आधी नवा शब्द म्हणायचा, मग तिचा, हे त्यांना पाठ आहे. धाकटी दर रविवारी फोनवर विचारते. सूनबाईला अजून दिवसातून दोनदा तरी पुसावं लागतं, कारण विचारल्याशिवाय तिला राहवत नाही. ती तक्रार करत नाही, पण शब्द लवकर ठरला तर बरं, असं एकदा म्हणाली.

अण्णा तिचाच शब्द म्हणतात. नवा अजून ठरलेला नाही.